व्हीआर हेडसेट: डोक्यावरची बैठक आणि वाय-फायची जोडणी

व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे आभासी जग दाखवणारा) हेडसेट नवा असताना चित्र धूसर दिसते, गाल दुखतात किंवा गरगरते, अशा तक्रारी हमखास येतात. त्यावर उपाय म्हणून बहुतेक जण पट्टा आणखी आवळतात आणि त्रास वाढवून घेतात. खरे तर यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ हेडसेट डोक्यावर चुकीच्या जागी बसण्यात असते आणि उरलेल्यांचे वायरलेस जोडणीत. म्हणून दोन्हींकडे, याच क्रमाने, लक्ष द्यावे. पुढील माहिती २०२३ मध्ये बाजारात आलेल्या मेटा क्वेस्ट ३ ला धरून दिली आहे.

या हेडसेटचे वजन ५१५ ग्रॅम असून त्यातले बहुतेक चेहऱ्यासमोर असते. हा भार गालांवर न येता डोक्यावर यायला हवा. त्यासाठी सर्व पट्टे आधी सैल करावेत, हेडसेट समोरून डोळ्यांवर टेकवावा आणि मग मागचा पट्टा खाली ओढून घ्यावा. डोक्याच्या मागे कवटीचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या खाली हा पट्टा बसला पाहिजे. तो वर राहिला, तर हेडसेट सतत पुढे घसरत राहतो. त्यानंतर माथ्यावरून जाणारा वेल्क्रोचा पट्टा हेडसेट किंचित वर उचलला जाईल इतपत ओढावा, कारण गालांवरचा भार हाच पट्टा कमी करतो. बाजूचे पट्टे सर्वांत शेवटी आणि बेताने आवळावेत. मान हलवल्यावर हेडसेट सरकत नसेल आणि गाल व हेडसेटची चेहऱ्याला टेकणारी गादी यांच्यामध्ये बोट सहज जात असेल, तर ताण योग्य आहे असे समजावे.

आता स्पष्टता. मेनूतील बारीक अक्षरांकडे पाहत हेडसेट दोन्ही हातांनी अगदी सावकाश वर-खाली सरकवावा. एका ठिकाणी अक्षरांच्या कडा एकदम रेखीव होतात. तीच योग्य उंची. मग खालच्या बाजूचे चाक फिरवून दोन भिंगांमधील अंतर आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतराशी जुळवावे. चाक फिरवताना आकडा पडद्यावर दिसतो आणि ५३ ते ७५ मिलिमीटरपर्यंत अंतर बदलता येते. आपला आकडा ठाऊक नसेल, तर चष्म्याच्या दुकानात तो मोजून मिळतो. एकाच घरात अनेक जण हेडसेट वापरत असतील, तर प्रत्येकाने आपला आकडा लक्षात ठेवावा. जुन्या क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत. तिथे सर्वांत जवळची निवडावी.

चष्मा लावणाऱ्यांनी चेहऱ्याकडची गादी भिंगांपासून पुढे-मागे करण्याची सोय अवश्य वापरावी. चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासली, तर दोन्हींवर ओरखडे उठतात आणि ते कायमचे राहतात. चष्मा फार रुंद असेल, तर आपल्या नंबरची वेगळी भिंगे बसवून घेणे हा उत्तम मार्ग आहे.

जोडणीकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहू नये. पडदा सेकंदाला ९० वेळा बदलत असेल, तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. संगणकावरचा खेळ वायरलेस पद्धतीने हेडसेटवर आणताना चित्र अडखळले की मान वळते आणि दृश्य मागे राहते. डोळे आणि आतला कान यांचे संदेश असे जुळेनासे झाले की मळमळ सुरू होते. एअर लिंक (संगणकावरचे चित्र वायरलेस पद्धतीने हेडसेटवर आणणारी मेटाची सोय) वापरताना संगणक राउटरला लॅन केबलनेच जोडावा आणि वाय-फायवर फक्त हेडसेट ठेवावा. बहुतेक अडचणी एवढ्यानेच मिटतात. हेडसेट वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) असावा, परंतु या लहरी जाड भिंतीतून नीट जात नाहीत, त्यामुळे राउटर शक्यतो त्याच खोलीत हवा. राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडचे नाव एकच असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झला वेगळे नाव द्यावे, म्हणजे हेडसेट नकळत २.४ वर जाणार नाही. तरीही चित्र तुटत असेल, तर बिटरेट (दर सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण) कमी करावा किंवा सरळ यूएसबी ३ केबल वापरावी. फोन चार्ज करण्याच्या साध्या केबलचा वेग यासाठी अपुरा पडू शकतो.

खेळण्यासाठी साधारण दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा लागते. आपल्या घरांत विशेष धोका छताच्या पंख्याचा असतो, कारण हेडसेटमध्ये खेळण्याच्या जागेची हद्द जमिनीवर आखली जाते आणि वर उचललेल्या हाताला ती थांबवत नाही. म्हणून पंख्याखाली उभे राहू नये, त्यापेक्षा टेबल फॅन समोर ठेवावा. त्याच्या वाऱ्याने गरगरणेही कमी होते. खोलीत पुरेसा उजेड असावा, पण मोठे आरसे झाकावेत आणि दिवाळीत लावतो तशा दिव्यांच्या माळा बंद ठेवाव्यात, कारण हेडसेटचे कॅमेरे त्यांनी गोंधळतात. सुरुवातीला बसून खेळता येणारे खेळ निवडावेत आणि किंचित जरी मळमळले तरी लगेच थांबावे. सवयीने जाईल म्हणून रेटू नये.

भिंगे फक्त कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसावीत. त्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये. हेडसेट खिडकीपाशी ठेवणे कटाक्षाने टाळावे, कारण भिंगांतून एकवटलेले ऊन आतला पडदा थोड्याच वेळात जाळू शकते आणि तो डाग पुसता येत नाही.