दूरनियंत्रणाने विमानावरील बर्फ काढताना या चुका टाळा

बर्फाळ प्रदेशातील विमानतळांना हिवाळ्याच्या मोजक्या महिन्यांसाठी डी-आयसिंगची, म्हणजे विमानावरील बर्फ काढणारी, मोठी तुकडी उभी करावी लागते आणि दरवर्षी तिला नव्याने प्रशिक्षण द्यावे लागते. रात्रीअपरात्री, शून्याखालील तापमानात, गाडीवरील उंच बूमच्या (यांत्रिक हाताच्या) टोकावरील उघड्या बास्केटमध्ये उभे राहून गरम ग्लायकॉलचे (बर्फ काढणाऱ्या द्रवाचे) तुषार अंगावर घेण्याचे हे काम असल्याने माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तरी पुढच्या हंगामात परत येतातच असे नाही. म्हणून आता बास्केटच्या जागी कॅमेरे आणि अंतर मोजणारे सेन्सर बसवून, बूम आणि नोझल दूरच्या खोलीतून जॉयस्टिकने चालवण्याची पद्धत पुढे येत आहे. कल्पना चांगलीच आहे. मात्र तिच्याकडे केवळ मनुष्यबळ कमी करण्याचा उपाय म्हणून पाहिले की पुढील चुका होऊ लागतात.

माणसांचा हिशेब चुकीच्या ठिकाणी मांडणे

एक चालक अनेक विमानतळांवरील गाड्या सांभाळेल, हे गणित कागदावर आकर्षक दिसते. परंतु एकच हिमवादळ शेजारच्या चार विमानतळांना एकाच वेळी झोडपते, आणि स्वच्छ, थंड रात्रीनंतर पंखांवर गोठलेले दव सर्वत्र पहाटेच्या पहिल्या उड्डाणांच्या वेळीच हटवावे लागते. त्यामुळे एकाच हवामानपट्ट्यातील आणि एकाच कालविभागातील विमानतळ एका खोलीशी जोडले, तर गर्दीच्या वेळी सगळेच एकदम चालक मागतात आणि इतर वेळी सगळेच रिकामे बसतात. विमानतळांची जोडणी करताना दोहोंच्या गर्दीच्या वेळा वेगळ्या आहेत का, हे मागील काही हिवाळ्यांच्या नोंदींवरून तपासावे. चालकाने एकामागून एक विमाने हाताळावीत. एकाच वेळी दोन बूमवर लक्ष ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

दुसरे असे की एप्रनवरील (विमाने उभी राहतात त्या जागेवरील) माणूस पूर्णपणे काढता येत नाही. टाकीत द्रव भरणे, नोझल तपासणे, कॅमेऱ्याची काच पुसणे, संपर्क तुटल्यास गाडी ताब्यात घेणे आणि विमानाची अंतिम तपासणी करणे यासाठी कोणीतरी जागेवर लागतेच. बचत होते ती प्रत्यक्ष फवारणीची वाट पाहत थंडीत बसून राहणाऱ्या माणसांच्या तासांची, आणि मला वाटते तेवढी बचतही पुरेशी मोठी आहे.

पडद्यावर दिसले नाही म्हणजे बर्फ नाही, असे मानणे

सर्व चुकांमध्ये ही सर्वांत धोकादायक आहे. टाक्यांमधील थंडगार इंधनामुळे पंखाचा पृष्ठभाग हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर पाऊस किंवा दमट हवा गोठून काचेसारखा पारदर्शक थर बसतो. हा थर ओल्या पृष्ठभागासारखाच दिसत असल्याने जवळ उभ्या माणसालाही तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. मग कॅमेऱ्याकडून काय अपेक्षा ठेवावी? २७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरून निघालेल्या स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या उड्डाण ७५१ चे डी-आयसिंग झालेले होते, तरी पंखांवरील पारदर्शक बर्फ राहून गेला. उड्डाणानंतर तो सुटून शेपटीजवळच्या दोन्ही इंजिनांत शिरला आणि विमान गॉट्रोरा येथील शेतात उतरवावे लागले. विमानातील सर्व १२९ जण वाचले.

म्हणूनच काही विमानप्रकारांसाठी पंख हाताने चाचपून पाहण्याची अट असते. विशेषतः ज्यांच्या पंखांच्या पुढच्या कडेला स्लॅट (पुढे सरकणाऱ्या पट्ट्या) नाहीत आणि ज्यांची इंजिने मागच्या बाजूला आहेत, अशा काही जेट विमानांबाबत ही अट आढळते. दूरनियंत्रण आले म्हणून ती रद्द होत नाही. कोणत्या विमानाला स्पर्शतपासणी लागते याची यादी चालकाच्या पडद्यावरच उघडलेली असावी, आणि ती तपासणी होईपर्यंत काम पूर्ण झाल्याचा संदेश पाठवताच येऊ नये, अशी व्यवस्था हवी. जमिनीवरून बर्फ ओळखणारी यंत्रणा वापरायची असेल, तर ती एसएई या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या एएस ५६८१ या मानकानुसार प्रमाणित आहे का हे पाहावे. साध्या कॅमेऱ्याचे चित्र तिची जागा घेऊ शकत नाही.

द्रव जास्त लागतो, तरी बर्फ निघत नाही

ही तक्रार नव्याने दूरनियंत्रण सुरू केलेल्या ठिकाणी उद्भवण्याची दाट शक्यता असते, आणि असे झाल्यास द्रवाला दोष देण्याआधी नोझलचे अंतर पाहावे. पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही, विमानाला धक्का लागेल ही भीती असते, म्हणून चालक नोझल नकळत लांब धरतो. नारिंगी रंगाचा टाइप १ द्रव (बर्फ काढण्यासाठीचा पातळ द्रव) बर्फ काढतो तो मुख्यतः आपल्या उष्णतेने आणि फवाऱ्याच्या माऱ्याने; नोझलपाशी त्याचे तापमान किमान ६० अंश सेल्सियस असावे लागते. मात्र हवेत लांब प्रवास केल्यास ही उष्णता पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधीच उडून जाते. उपाय म्हणजे सेन्सरने मोजलेले अंतर पडद्यावर मोठ्या आकड्यांत दाखवणे आणि बाजूने पाहणारा दुसरा कॅमेरा देणे.

गरम द्रवाची वाफ हा दुसरा अडथळा. वारा कॅमेऱ्याकडे वाहत असेल तर काही सेकंदांत चित्र पांढरे होते. अशा वेळी अंदाजाने फवारत राहू नये, थांबावे आणि गाडीची बाजू बदलावी. काच तापवण्याची आणि हवेच्या झोताने साफ करण्याची सोय प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तपासावी. पिटॉट नळ्या (विमानाचा वेग मोजणाऱ्या), स्थिर दाबाची छिद्रे, इंजिनांची व सहायक ऊर्जा युनिटची तोंडे आणि कॉकपिटच्या काचा यांवर थेट झोत मारू नये, हा नियम जुनाच आहे. पण अरुंद चित्रातून पाहताना झोताचे टोक कुठे पडते आहे हे सहज सुटते.

नोझल बदलले, पण मिश्रण तपासले नाही

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाचे उड्डाण ९० पोटोमॅक नदीवरील पुलाला धडकले आणि ७८ जणांचा मृत्यू झाला. इंजिनाची बर्फरोधक प्रणाली बंद ठेवणे आणि पंखांवर बर्फ असताना उड्डाण करणे ही त्याची मुख्य कारणे ठरली. मात्र तपासात असेही आढळले की डी-आयसिंगच्या गाडीवर मूळ नोझलऐवजी बाजारातील साधे नोझल बसवले होते, आणि त्यामुळे निवडलेले मिश्रण व प्रत्यक्ष बाहेर पडणारे मिश्रण यांत मोठी तफावत होती. दूरच्या चालकाला नोझल हातात घेऊन पाहता येत नाही. त्याला पडद्यावर दिसतो तो फक्त निवडलेला आकडा. म्हणून नोझलपाशी नमुना घेऊन रिफ्रॅक्टोमीटरने (द्रवातील ग्लायकॉलचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाने) तपासणे आणि त्याची नोंद चालकापर्यंत पोहोचवणे हे जागेवरील माणसाचे काम ठरवून द्यावे. बर्फ पुन्हा साचू नये म्हणून फवारला जाणारा हिरवा, दाट टाइप ४ द्रव चुकीच्या पंपातून किंवा नोझलमधून गेल्यास त्याचा दाटपणाच मोडतो आणि तो पंखावर टिकत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

मध्येच संपर्क तुटला, तर उरलेले काम तिथूनच पुढे सुरू करणे

आधी बर्फ काढायचा आणि मग तो पुन्हा साचू नये म्हणून द्रव फवारायचा, अशा दोन टप्प्यांच्या पद्धतीत पहिल्या टप्प्याचा द्रव गोठण्याआधी, साधारणपणे तीन मिनिटांच्या आत, दुसरा टप्पा द्यावा लागतो. दूरनियंत्रणाचे नेटवर्क अडखळले आणि ही वेळ निघून गेली, तर त्या भागावर पहिला टप्पा पुन्हा करावा. संरक्षणाचा कालावधी, म्हणजे होल्डओव्हर टाइम, अंतिम टप्प्याच्या सुरुवातीपासून मोजला जातो, शेवटापासून नव्हे; संपर्क पाच मिनिटे गेला असेल तर ती पाच मिनिटेही वैमानिकाच्या हिशेबातून वजा होतात. २२ मार्च १९९२ रोजी लाग्वार्डिया येथे यूएसएअरचे उड्डाण ४०५ दुसऱ्या डी-आयसिंगनंतर सुमारे ३५ मिनिटांनी उडाले आणि कोसळले. २७ जण मरण पावले.

संपर्क तुटताच फवारणी आपोआप बंद व्हावी आणि बूम जागच्या जागी थांबावा. तो आपोआप मागे घेण्याची सोय वरवर सुरक्षित वाटते, पण मागे येताना तो शेपटीच्या आडव्या पंखाला लागू शकतो. गाडी स्थानिक ताब्यात घेण्याचा सराव हंगामाआधी प्रत्येक पाळीने प्रत्यक्ष करावा.

"झाले" कोणी म्हणायचे, हे न ठरवणे

जानेवारी १९९५ मध्ये माँट्रियलच्या मिराबेल विमानतळावर रॉयल एअर मरोकचे बोइंग ७४७ डी-आयसिंग चालू असतानाच पुढे सरकले. गाड्या शेपटीजवळ होत्या आणि तीन कर्मचारी ठार झाले. काम संपले असा वैमानिकांचा समज झाला होता. दूरनियंत्रणाने बास्केटमधील माणूस वाचतो, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ आहे. पण बोलणाऱ्यांची संख्या मात्र वाढते: दूरचा चालक, जागेवरील तपासनीस, गाडीचा ड्रायव्हर आणि कॉकपिट. कॉकपिटशी बोलणारा एकच असावा. द्रवाचा प्रकार, प्रमाण, अंतिम टप्प्याची सुरुवातीची वेळ आणि तपासणी पूर्ण झाल्याची खात्री त्यानेच सांगावी, आणि सर्व गाड्या व माणसे मोकळ्या जागेत गेल्याचे जागेवरील माणसाने डोळ्यांनी पाहून कळवल्याशिवाय निघण्याचा संदेश देऊ नये.