झेरॉक्स काढताना आधी शीर्षकपानाची काढा

एमएचा निबंध किंवा डिझर्टेशन लिहिताय आणि संदर्भसूची शेवटच्या रात्री करू म्हणताय तर प्लीज नका, मी केलंय ते. समोर चाळीस पानांच्या झेरॉक्सचा गठ्ठा, वाक्यं सगळी अंडरलाइन केलेली, आणि पुस्तक कुठलं तेच कळेना कारण शीर्षकाचं पान काढलंच नव्हतं. सकाळी बस पकडून परत लायब्ररीत, परत चिठ्ठी भरा, परत वाट बघा.

त्यामुळे पुणे विद्यापीठाच्या जयकर लायब्ररीत बसा नाहीतर भांडारकर संस्थेत, पुस्तक हातात आलं की आधी शीर्षकपान आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो काढायचा, परवानगी नसेल तर वहीत उतरवायचं. लेखक, संपादक, प्रकाशक, साल, आवृत्ती सगळं तिथेच असतं.

आता खरी गडबड सालाची होते. समजा तुम्ही 'शेतकऱ्याचा असूड' वाचताय. फुल्यांनी तो लिहिला १८८३ मध्ये, पण तुमच्या हातात आहे 'महात्मा फुले समग्र वाङ्मय', कीर आणि मालशे यांनी संपादित केलेलं, १९६९ चं. पान नंबर या खंडाचा आणि साल १८८३ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला ते वाक्य कधीच सापडणार नाही. संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत दोन्ही सालं देतात, (फुले, १८८३/१९६९) आणि पुढे पान. एमएलए या दुसऱ्या पद्धतीत कंसात नुसतं आडनाव आणि पान, बाकी सगळं सूचीत. साहित्यवाले बहुतेक एमएलए वापरतात, सोशल सायन्सवाले एपीए, पण गाइडना विचारून एकच धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

फुल्यांचं वाक्य दुसऱ्याच कुणाच्या लेखात वाचलं असेल तर तसंच सांगायचं, 'अमुक यांच्या लेखात उद्धृत'. मूळ पुस्तक न उघडता ते सूचीत टाकणं मला तरी खोटं वाटतं, आणि गाइडनी व्हायवात पुढचं मागचं विचारलं की पंचाईत.

स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी संदर्भ द्यायचाच, कारण विचार त्यांचा आहे. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही म्हणून बरेच जण निवांत असतात, पण रीतसर संदर्भ दिलेलं अवतरण त्यात धरतच नाहीत, मग लपवायचं कशाला?

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला प्रबंध घेतला तर विद्यापीठ आणि साल लिहा, नुसती लिंक नको. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जरूर वापरा, फक्त मराठी नावं त्यात एकदा हाताने तपासा, आडनाव आणि नाव उलटसुलट पडतात.

सूची आडनावाप्रमाणे अकारविल्हे, म्हणजे जोतीराव फुले 'फ' मध्ये, 'ज' मध्ये नाही. इंग्रजी पुस्तकांची यादी शक्यतो वेगळी. मग प्रिंट काढून मैत्रिणीला बसवा, तिने निबंधातलं एकेक नाव वाचायचं आणि तुम्ही सूचीत पेनाने टिक करायचं, टिक न झालेली नावं काढून टाका.