बलराज साहनींच्या भूमिका कशा पाहाव्यात

बलराज साहनींचे चित्रपट पाहायचे ठरवलं की बहुतेक जण सालवार यादी काढतात आणि १९४६ च्या ‘धरती के लाल’पासून सुरुवात करतात. इथेच गाडी अडते. बंगालच्या दुष्काळावरचा हा चित्रपट मोलाचा आहे, पण तो एका समूहाचा चित्रपट आहे. त्यात एका नटावर नजर ठरत नाही. तो शेवटी पाहावा. साहनींचं वेगळेपण कळायला सालाचा क्रम कामाचा नाही, भूमिकांच्या जोड्या लावाव्या लागतात. दाढी, टोपी आणि फेटा हा त्यांच्या वेषांतराचा वरवरचा भाग झाला. खरा फरक खांद्यात, पावलांत आणि हातांत असतो, आणि तो दोन भूमिका शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

आधी टीव्हीचं बघून घ्या. ‘दो बीघा ज़मीन’, ‘सीमा’, ‘काबुलीवाला’ हे जवळपास चौकोनी चौकटीचे चित्रपट आहेत. आजचा रुंद पडदा त्यांना आडवं ताणतो. मग सगळीच माणसं रुंद आणि बुटकी दिसतात, आणि ‘दो बीघा ज़मीन’मधल्या शेतकरी शंभू महातोच्या अंगावरची उपासमार नाहीशी होते. चित्राच्या मापाची सेटिंग ‘४:३’ किंवा ‘मूळ’ अशी ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले तर ते बरोबरच आहे. हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल तर तीही बंद करा. ती चालीतला जडपणा पुसून टाकते, आणि आपल्याला नेमका तोच बघायचा असतो.

दुसरी चूक नावांची होते. ‘सीमा’ १९५५ चा हवा, ज्यात नूतन आहे. १९७१ चा ‘सीमा’ वेगळा. ‘वक़्त’ १९६५ चा, २००५ चा नव्हे. ‘काबुलीवाला’ म्हणून शोधलं तर तपन सिन्हांचा १९५७ चा बंगाली चित्रपटही समोर येतो. तो जरूर पाहा, पण त्यात छबी विश्वास आहेत. साहनींचा हिंदी ‘काबुलीवाला’ १९६१ चा, बिमल रॉय यांची निर्मिती आणि हेमेन गुप्तांचं दिग्दर्शन. ‘गर्म हवा’समोर कुठे १९७३ तर कुठे १९७४ असं साल दिसेल. चित्रपट सेन्सॉरकडे अडकून पडला होता, त्यामुळे हा घोळ आहे, चित्रपट एकच.

एक वही घ्या आणि प्रत्येक चित्रपटाला एक पान द्या. पानावर पाचच रकाने आखा: चाल, खांदे, हात, नजर, बोलण्याचा वेग. ‘अभिनय’ असा रकाना ठेवू नका. त्यात ‘छान’, ‘अप्रतिम’ एवढंच लिहिलं जातं. आधी पूर्ण चित्रपट न थांबवता पाहा, लिहू नका. मग त्यातला दहा मिनिटांचा एक प्रसंग निवडून तो आवाज बंद करून पाहा आणि पहिले चार रकाने भरा. शेवटी तोच प्रसंग पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. साहनींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनला बीबीसीच्या हिंदी विभागात निवेदक म्हणून काम केलं होतं. आवाज कुठे खाली आणायचा याची त्यांची जाण नुसतं ऐकताना लख्ख कळते. आठवड्याला एकच चित्रपट ठेवा. एका दिवशी दोन पाहिले की दुसऱ्याचे तपशील पहिल्याच्या पानावर जातात.

पहिली जोडी ‘दो बीघा ज़मीन’ (१९५३) आणि ‘अनुराधा’ (१९६०). एकात कर्जापायी कलकत्त्याला हातरिक्षा ओढणारा शेतकरी, दुसऱ्यात खेड्यातल्या रुग्णांपायी घराकडे पाठ फिरवणारा डॉक्टर. शंभूची चाल उभी करण्यासाठी साहनी जोगेश्वरीत उत्तरेकडून आलेल्या दूधवाल्यांमध्ये जाऊन त्यांचं चालणं, बसणं, बोलणं न्याहाळत होते, आणि कलकत्त्याच्या रस्त्यावर त्यांनी खरोखर रिक्षा ओढली. हे माहीत असलं की शर्यतीचा प्रसंग वेगळा दिसतो. गिऱ्हाईक पैसे वाढवत जातं, शंभू वेग वाढवत जातो आणि शेवटी चाक निखळतं. इथे चेहऱ्याकडे पाहू नका. मान कशी पुढे जाते आणि पावलं जमिनीवर कशी पडतात ते पाहा. चेहऱ्यावरचे कष्ट कोणीही दाखवेल. पावलांतले कष्ट दाखवायला सराव लागतो. मग थेट शेवटावर या. जमीन गेलेली, तिथे कारखाना उभा राहतोय, कुंपणाशी शंभू मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी तीही टाकायला लावतो. मूठ उघडायला किती वेळ लागतो, ते ‘हात’ या रकान्यात लिहा.

‘अनुराधा’तल्या डॉ. निर्मलचे हात याच्या नेमके उलट आहेत. ते सतत कामात असतात आणि बायकोकडे वळतच नाहीत. बायको झालेल्या लीला नायडू समोर असताना निर्मलची नजर कुठे जाते हे दोन-तीन प्रसंगांत नोंदवा. या भूमिकेत चूक अशी होते की डॉक्टर सज्जन आहे म्हणून आपण त्याला माफ करत सुटतो. साहनी मात्र ते दुर्लक्ष झाकत नाहीत, आणि भूमिकेची ताकद त्यातच आहे.

दुसरी जोडी ‘सीमा’ आणि ‘वक़्त’. दोन्हींत मन्ना डे यांचा आवाज साहनींच्या ओठांवर आहे, म्हणून तुलना सोपी होते. ‘तू प्यार का सागर है’ आणि ‘ऐ मेरी ज़ोहराजबीं’ लागोपाठ, आवाज बंद करून पाहा. पहिल्यात सुधारगृहाचा व्यवस्थापक अशोक, जवळजवळ निश्चल. दुसऱ्यात तीन लहान मुलांचा बाप भरल्या मैफलीत बायकोची मनधरणी करतोय, खांदे मोकळे, छाती पुढे. ‘वक़्त’ सव्वातीन तासांहून मोठा आहे, पण अर्ध्यावर सोडू नका. भूकंपाआधीचा गर्वाने फुललेला लाला केदारनाथ आणि वर्षानुवर्षांच्या तुरुंगवासानंतरचा केदारनाथ यांची दोन वेगळी पानं करा. एकाच चित्रपटातली ही जोडी आहे.

‘काबुलीवाला’ आणि ‘हक़ीक़त’ (१९६४) यांवर फार रेंगाळायला नको. पहिल्यात पठाणी वळणाची हिंदी आणि चिमुकल्या मिनीसमोर वाकणारं उंच शरीर पाहा. दुसऱ्यात लडाखच्या आघाडीवरचा मेजर, ताठ पाठीचा. गाण्यांच्या तुकड्यांवरून मात्र मत बनवू नका. ‘काबुलीवाला’तला रहमत तुरुंगातून सुटून मिनीच्या लग्नाच्या दिवशी परततो, तो प्रसंग आधीचा सगळा चित्रपट पाहिल्याशिवाय लागत नाही.

शेवटची जोडी ‘गरम कोट’ (१९५५) आणि ‘गर्म हवा’. एकात शंभराची नोट हरवल्याने हादरलेला पोस्टातला कारकून, दुसऱ्यात फाळणीनंतर आग्र्यात पाय रोवून राहणारा जोडे कारखानदार सलीम मिर्झा. दोघंही घरात काळजी लपवतात. कारकून लपवताना उघडा पडतो. मिर्झा लपवतो आणि आपल्यालाच ते कळून जड होतं. मुलगी अमीना गेल्यानंतरचा प्रसंग दहा मिनिटांच्या सरावासाठी घेऊ नका, तो एकदाच पाहा. या चित्रपटाचं डबिंग संपवल्यावर दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ ला, साहनी गेले. दिग्दर्शक एम. एस. सथ्यूंनी चित्रपटाच्या सुरुवातीला मिर्झाला स्टेशनवर नातेवाइकांना निरोप देऊन टांग्यात बसवलंय आणि शेवटीही टांग्यातच आणलंय. हे दोन प्रसंग एकामागून एक लावा. पहिल्यात तो टांगेवाल्याशी बोलत घरी परततो. शेवटच्यात मोर्चा दिसतो, मुलगा सिकंदर उतरतो, मग मिर्झाही बायकोला घरी पाठवून उतरतो. खाली ठेवलेलं पहिलं पाऊल कसं पडतं, ते ‘चाल’ या रकान्यात लिहून घ्या.