ग्रीक तत्त्वज्ञ वाचताय? निदान या चुका तरी टाळा

यूपीएससीच्या मुलांचे जीएस फोरचे, म्हणजे एथिक्सचे, सराव पेपर मी बरीच वर्षं तपासतोय. अडीचशे मार्कांच्या त्या पेपरात सॉक्रेटिस, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल लिंबू-मिरचीसारखे टांगलेले असतात. दारावर दिसले की झालं. चुकाही दरवर्षी त्याच.

पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे बिनपत्त्याचे कोट. यात मी स्वतः आपटलोय, म्हणून सविस्तर सांगतो. "आपण जे वारंवार करतो तेच आपण असतो, श्रेष्ठत्व ही कृती नाही, सवय आहे." खाली नाव ॲरिस्टॉटल. हे वाक्य मी कितीतरी बॅचेसना फळ्यावर लिहून दिलं. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?" म्हटलं, निकोमाखियन एथिक्स. "कितव्या भागात?" मी "दुसऱ्या" असं ठोकून दिलं, कारण सवयीची चर्चा तिथेच आहे. रात्री घरी जाऊन दुसरा भाग उघडला. दोनदा वाचला. मग पहिला वाचला, मग दहावा. वाक्य नाहीच.

ते निघालं विल ड्युरंटच्या 'द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी' या १९२६ च्या पुस्तकात. ड्युरंट तिथे ॲरिस्टॉटलचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगतोय. गंमत म्हणजे लगेच पुढे तो खरंखुरं अवतरण देतो: एक पाकोळी दिसली किंवा एक दिवस छान उजाडला म्हणून वसंत येत नाही, तसाच माणूसही एका दिवसात सुखी होत नाही. म्हणजे लोकांनी ॲरिस्टॉटलची पाकोळी उडवून लावली आणि ड्युरंटचं वाक्य ॲरिस्टॉटलच्या नावावर चढवलं, सातबाऱ्यावर परस्पर नाव चढवावं तसं. दुसऱ्या दिवशी वर्गात कबुली दिली. त्या मुलीने फक्त मान हलवली आणि वहीतलं वाक्य खोडलं. ते खोडणं अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून पत्ता नसेल तर कोट नाही, हा माझा नियम. १५७८ साली आंरी एस्तिएनने प्लेटोचे तीन खंड छापले. त्यातल्या पानाचा आकडा आणि पानाच्या भागाचं अक्षर हाच आजही प्लेटोच्या वाक्याचा पत्ता. "अपरीक्षित आयुष्य माणसाने जगण्यालायक नाही" हे ॲपॉलॉजी ३८ए, म्हणजे प्लेटोने लिहिलेलं सॉक्रेटिसचं खटल्यातलं बचावाचं भाषण. ॲरिस्टॉटलचे पत्ते बर्लिनच्या अकादमीसाठी बेकरने काढलेल्या १८३१ च्या आवृत्तीवरून चालतात. पाकोळी राहते १०९८ए मध्ये. पेपरात हे आकडे लिहू नका, परीक्षक दचकेल. वहीत मात्र हवेतच.

हा नियम लावला की अर्धे कोट आपोआप गळतात. "आजची मुलं ऐषारामी झालीत, थोरांचा मान ठेवत नाहीत" हे सॉक्रेटिसचं नाही. केंब्रिजच्या केनेथ फ्रीमनने १९०७ च्या ग्रंथात त्या काळच्या तक्रारींचा केलेला तो गोषवारा आहे. "युद्धाचा शेवट फक्त मेलेल्यांनी पाहिलाय" हे प्लेटोच्या नावावर फिरतं, पण आहे जॉर्ज सांतायानाचं, १९२२ चं. आणि "बदलाचं रहस्य जुन्याशी झगडण्यात नाही, नवं उभारण्यात आहे" हे खरोखर सॉक्रेटिस म्हणतो. फक्त तो सॉक्रेटिस १९८० च्या एका अमेरिकन कादंबरीतला पेट्रोल पंपावरचा माणूस आहे. अथेन्सच्या सॉक्रेटिसने तर एक ओळ लिहिली नाही. तो आपल्याला भेटतो प्लेटो, झेनोफोन आणि त्याची टर उडवणारा नाटककार ॲरिस्टोफेनिस यांच्यामार्फत. तरीही "सॉक्रेटिस आपल्या ग्रंथात म्हणतो" अशी सुरुवात महिन्यातून दोनदा तरी वाचतो.

दुसरी चूक मध्यममार्गाची, म्हणजे सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो या ॲरिस्टॉटलच्या मताची. केस स्टडी अशी होती: तुम्ही अभियंता आहात, पुलाचं काम निकृष्ट झालंय, ठेकेदार साहेबांच्या ओळखीचा. एकाने लिहिलं, "ॲरिस्टॉटलच्या सुवर्णमध्यानुसार मी लेखी तक्रारही करणार नाही आणि अगदी गप्पही बसणार नाही, ठेकेदाराला तोंडी समज देईन." मी समासात लिहिलं, "आणि पूल अर्धाच पडेल."

ॲरिस्टॉटलचं उदाहरण मूळातून वाचलं असतं तर ही वेळ आली नसती. तो म्हणतो, दहा मिना (ग्रीकांचं एक वजन) अन्न जास्त होतं आणि दोन मिना कमी पडतं, म्हणून वस्तादाने सगळ्यांना सहा वाढावं का? मायलो पैलवानाला ते कमी पडेल, तालमीत नुकत्याच आलेल्या पोराला जास्त होईल. कोल्हापूरच्या तालमीत उठबस असलेल्याला हे शिकवावं लागत नाही, नोट्सवाल्यांना लागतं. जरा पुढे तो हेही सांगतो की चोरी, खून, व्यभिचार यांना मध्य नसतोच. योग्य बाईशी, योग्य वेळी, योग्य रीतीने व्यभिचार असं काही असतं का, अशी थेट टवाळी आहे त्यात. निकृष्ट सिमेंटचं काय ते आता तुम्हीच ठरवा. बुद्धाच्या मध्यम मार्गाला यात ओढू नका. ती वाट दुःखनिरोधाकडे जाते, तो प्रश्नच वेगळा.

तिसरी चूक नकाशाची. अथेन्स, रोम, रेनेसाँ, आधुनिक युरोप असे बाण काढून मुलं मोकळी होतात. अहो, पिक्चर आवडला की आपण "अफलातून!" म्हणतो, तो अफलातून म्हणजे प्लेटो. अरबीत 'प' नाही म्हणून 'फ' झाला आणि फारसीच्या हाताला धरून शब्द आपल्याकडे आला. बाणांमधली गाळलेली वाट आपल्याच तोंडात आहे. प्राचीन जग मोडल्यावर लॅटिन वाचणाऱ्या पश्चिम युरोपाकडे बोएथियसने भाषांतरित केलेलं ॲरिस्टॉटलचं थोडं तर्कशास्त्र आणि प्लेटोच्या 'टिमेयस'चा एक तुकडा, एवढीच शिदोरी उरली होती. ग्रंथ जपले कॉन्स्टँटिनोपलने. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या मुलाच्या वर्तुळाने त्यातले बरेच अरबीत आणले. बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोत अरबीवरून लॅटिन झालं, तेराव्यात मोर्बेकेच्या विल्यमने थेट ग्रीकवरून केलं. कॉर्डोव्हाच्या इब्न रुश्दने (११२६–११९८) ॲरिस्टॉटलवर एवढं लिहिलं की थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलला नुसतं 'तत्त्वज्ञ' म्हणतो आणि इब्न रुश्दला नुसतं 'भाष्यकार'. आणि सगळा प्लेटो लॅटिनमध्ये छापून यायला १४८४ उजाडलं, फ्लॉरेन्सच्या फिचिनोमुळे. 'पाश्चात्त्य विचारांवर प्रभाव' लिहिताना यातली दोन नावं आली तरी मी खूश असतो.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधली गुहेची गोष्ट, भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानणाऱ्या कैद्यांची, सगळे सांगतात, पण कैदी सुटून उजेडात आला की तिथेच थांबतात. प्लेटो त्याला परत खाली पाठवतो. 'रिपब्लिक'चा पहिला शब्दच 'कातेबेन' आहे: "उतरलो", म्हणजे काल मी पिरियस बंदरावर उतरलो. सातव्या भागात तत्त्वज्ञांना गुहेत उतरायला सांगताना तेच क्रियापद येतं. आणि ही "मायाच" म्हणून शंकराचार्यांकडे पळू नका. तुलना करायची तर आधी दोन्ही बाजू वाचाव्या लागतात, आणि इथे सहसा एकही वाचलेली नसते.

बाकीच्या चुका उभ्याउभ्या. सुखवादी एपिक्युरस हा "ऋण काढून तूप प्या"वाला नव्हे. मेजवानी करायची म्हणून तो मित्राकडे छोटं मडकंभर चीज मागायचा. सोफिस्टांना, म्हणजे पैसे घेऊन वादविद्या शिकवणाऱ्यांना, लबाड ठरवताना साक्षीदार प्लेटो आहे, म्हणजे विरोधी पक्ष. डेमोक्रिटस 'सॉक्रेटिसपूर्व' यादीत असला तरी वयाने सॉक्रेटिसपेक्षा लहान. सिकंदराचा गुरू ॲरिस्टॉटल, प्लेटो नाही. सगळं पाश्चात्त्य तत्त्वज्ञान म्हणजे प्लेटोवरच्या तळटीपा, हे व्हाइटहेडचं म्हणणं. त्याने प्लेटो वाचला होता, तुम्हीही वाचा आणि मग वापरा.

"सर, दोन पानांत ग्रीस द्या ना" म्हणणाऱ्यांना मी ॲपॉलॉजी देतो. एका बैठकीत संपते. मागे एकाने कुरकुरत नेली आणि दोन दिवसांनी जिन्यातच गाठलं. "सर, तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सॉक्रेटिस सुटला असता, असं तोच म्हणतो. मग शिक्षा ठरवताना 'मला सरकारी खर्चाने जेवण द्या' म्हणून ज्युरीला चिडवलं कशाला?" मी म्हटलं, चल, चहा घेऊ. अमृततुल्यवाल्याने बाकडी उचलेपर्यंत आम्ही तिथेच होतो आणि उत्तरावर काही आमचं एकमत झालं नाही.