आवाज, स्पर्श, गर्दी सहन न होणारं मूल : या चुका टाळा

पाडव्याच्या शोभायात्रेला ठाण्यात कोपिनेश्वर मंदिरापाशी मी लेकाला मुद्दाम पुढे नेलं होतं. "सवय होईल गं," असं सासूबाई म्हणाल्या आणि मलाही पटलं. ढोल सुरू झाले तसा तो कान दाबून खालीच बसला. पुढे महिनाभर मिक्सर लावला तरी बाथरूममध्ये पळायचा. असं ढकलल्याने कान सरावत नाहीत, भीती मात्र पक्की होते. लांबून, दोनच मिनिटं ऐकवा आणि निघायचं कधी ते त्याला ठरवू द्या. घरात कुकर लावताना "आता तीन शिट्ट्या होणार" एवढं आधी सांगितलं तरी फरक पडतो.

मग मी दुसरं टोक गाठलं. कान झाकणारे हेडफोन मिरवणुकीत, स्टेशनवर ठीक. घरातही दिवसभर राहिले, तर साधे आवाजही जड जायला लागतात.

शर्टाचं लेबल कात्रीने कापू नका. उरलेली कडक कड अख्ख्या लेबलापेक्षा जास्त टोचते. टाके उसवून काढा, नवा युनिफॉर्म चार-पाचदा धुऊन मगच घाला. पाठीवरून हळूच हात फिरवणंही जपून. बऱ्याच मुलांना हलका स्पर्श नकोसा होतो, घट्ट मिठी चालते. आधी विचारा.

सोफ्यावर धडका मारणारं मूल मस्तीच करतंय असं नाही. काहींच्या शरीराला जास्त संवेदना लागते. अभ्यासाआधी कणीक मळायला, भाजीची पिशवी उचलायला द्या. व्हिडिओ बघून गरगर फिरवणं मात्र नको, ते ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) विचारूनच.

आणि या त्रासाला निदानाचं नाव मिळावं म्हणून अडून राहू नका. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, हे स्वतंत्र निदान नाही, संवेदनांची अतितीव्र किंवा मंद प्रतिक्रिया ऑटिझमच्या निकषांत येते. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी आणि कानाची तपासणी, दोन्ही करून घ्या. "मोठा झाला की सुटेल" यात आमचं वर्ष गेलं.

रडणं फुटल्यावर समजावत बसणं ही माझी सर्वात जुनी खोड. त्या वेळी आपलं बोलणं हाही आवाजच. परवा गोखले रोडवर त्याला असंच रडू फुटलं, पण या वेळी मी समजावलं नाही. एका इमारतीच्या जिन्यात त्याला घेऊन गप्प बसले. येणारी-जाणारी "चॉकलेट द्या हो" म्हणत होती. वीसेक मिनिटांनी तोच उठला, चप्पल घातली आणि म्हणाला, "चल."