हौजीपासून बिंगो हॉलपर्यंत: तिकीट घ्यायचं कसं, ऐकायचं कसं, ओरडायचं कधी

राजारामपुरीतल्या आमच्या कॉलनीत कोजागरीला मसाला दूध उकळत असतं, तेव्हा गच्चीवर हौजी रंगते. पुकारलेले आकडे आपल्या तिकिटावर खुणवत जायचं, तो खेळ; इंग्लंडात त्यालाच बिंगो म्हणतात. आकडे पुकारायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मुलगी इंग्लंडात लेस्टरला राहते. तिच्याकडे गेले असताना तिथल्या बिंगो हॉलमध्ये तीन वेळा खेळून आले. कोल्हापुरातली बरीच मंडळी आता मुलांकडे परदेशी जातात, कुणी सुट्टीत गोव्याच्या कॅसिनोची पायरी चढतात. हौजी येते म्हणजे बिंगो येतोच, असं त्यांना वाटतं. खेळ येतोच, पण हॉलमधला वेग वेगळा असतो. त्याची तयारी घरच्या घरी करता येते आणि ती जरूर करावी.

तिकीट नीट बघा

आपल्या हौजीचं तिकीट आणि ब्रिटनमधल्या बिंगोचं तिकीट एकच. तीन आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, एकूण 27 घरं. त्यांतली 15 घरं भरलेली, प्रत्येक ओळीत पाच आकडे. पहिल्या रकान्यात 1 ते 9, दुसऱ्यात 10 ते 19, असं करत शेवटच्या रकान्यात 80 ते 90. हौजी हे नावही ब्रिटिश सैनिकांच्या ‘हाउसी-हाउसी’वरून आलेलं.

अमेरिकेत खेळ बदलतो. तिथलं कार्ड पाच बाय पाचचं, आकडे 75 पर्यंत, आणि मधलं घर फुकटचं. म्हणजे भरायची घरं 24. वर बी, आय, एन, जी, ओ ही अक्षरं असतात. बीखाली 1 ते 15, आयखाली 16 ते 30, एनखाली 31 ते 45, जीखाली 46 ते 60 आणि ओखाली 61 ते 75. पुकारणारा ‘जी बावन्न’ म्हणाला की फक्त जीच्या रकान्यात बघायचं. तिथे ओळीपेक्षा नक्षीला महत्त्व. कधी चार कोपरे, कधी फुली, तर कधी पूर्ण कार्ड. पूर्ण कार्डाला ब्लॅकआउट किंवा कव्हरऑल म्हणतात. कोणती नक्षी चालू आहे ते फलकावर दाखवतात. प्रत्येक डावाआधी तिकडे एकदा बघून घ्या, कारण आधीच्या डावातली नक्षी डोक्यात घेऊन बसलेली माणसं आयतं बक्षीस घालवतात.

एकोणऐंशीचा घोटाळा

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लेस्टरच्या हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी मला फक्त एक आकडा हवा होता, 79. पुकारा झाला, ‘सेव्हन अँड नाइन, सेव्हंटी-नाइन’. मी मनात म्हटलं एकोणऐंशी, आणि डोळे सरळ शेवटच्या रकान्यात गेले, ऐंशीच्या घरात. तिथे तो नव्हता. असणार कसा? 79 आठव्या रकान्यात असतो. डोळे परत येईपर्यंत पुढचा आकडा पुकारला गेला होता आणि माझा हक्क गेला. फार वाईट वाटलं, पण त्या रात्री एक गोष्ट लख्ख कळली. मराठी आकड्याचं नाव आपल्याला पुढच्या दशकात ढकलतं. एकोणतीस म्हटलं की डोळा तिशीत जातो, एकोणसाठ म्हटलं की साठीत. शिवाय आपण आधी एकम बोलतो आणि मग दशक: त्रेसष्ट, सदुसष्ट, चौऱ्याहत्तर. रकाना दशकावरून सापडतो आणि दशक कानावर शेवटी पडतं.

इंग्रजीत वेगळी अडचण आहे. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ गोंगाटात सारखेच ऐकू येतात. म्हणून तिथला पुकारणारा आधी दोन्ही अंक सुटे सांगतो, मग आकडा. एक आणि तीन, तेरा. या पद्धतीची सवय करायची. घरी कुणाला तरी समोर बसवा आणि 1 ते 90 मधले आकडे इंग्रजीत सुटे पुकारायला सांगा. पहिला अंक कानावर पडताच बोट त्या रकान्यावर गेलं पाहिजे, मराठी नाव मनात उमटायच्या आत. सात ऐकलं की आठवा रकाना, चार ऐकलं की पाचवा. रोज पंधरा मिनिटं, असे चार-पाच दिवस पुरतात.

तेव्हापासून मी गच्चीवरही असंच पुकारते: ‘सहा नऊ, एकोणसत्तर’. आमच्याकडच्या आज्यांना हे इतकं सोयीचं पडलं की आता नुसतं एकोणसत्तर म्हटलं तर त्या मला थांबवतात, ‘सुटं सांग गं बाई’.

तिकिटं किती घ्यावीत

ब्रिटनमध्ये सहा तिकिटांची पट्टी मिळते. त्या सहांत मिळून 1 ते 90 सगळे आकडे एकेकदा येतात. पट्टी घेतली की प्रत्येक पुकाऱ्याला कुठेतरी खूण करावीच लागते. सरावलेल्या बायका ती सहज सांभाळतात. नवख्या माणसाने पट्टी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉलमध्ये सुटी तिकिटं मिळत असतील तर दोन घ्या, तिसरं पुढच्या वेळी. जे तिकीट कानाच्या आवाक्यात नाही ते तुमचं असून नसल्यासारखंच, आणि भरलेलं कळलंच नाही तर पैसे वाया.

तिकिटं वाढली की संधी वाढते हे खरं, पण किती ते समजून घ्या. एकच तिकीट धरून बसलात तर ते पूर्ण भरायला सरासरी 85 आकडे जावे लागतात. 90 मधले 85! आमच्या गच्चीवर साठेक तिकिटं असतात, तिथे सत्तरीच्या आसपास कुणाचं तरी फुल हाउस, म्हणजे पूर्ण तिकीट होतं. मोठ्या हॉलमध्ये तिकिटं शेकड्यांनी असतात, म्हणून तिथे ते आणखी लवकर होतं. जलद पाच, म्हणजे तिकिटावरचे कोणतेही पाच आकडे सर्वांत आधी लागले की मिळणारं बक्षीस, त्याचंही तसंच. तुमच्या एका तिकिटाला सरासरी 28 आकडे लागतात, पण साठ तिकिटांत कुणीतरी दहा-बारा आकड्यांतच उठून उभं राहतं. आपलं तिकीट मंद आहे असं वाटून हिरमुसायचं कारण नाही, ते गणितच तसं आहे.

अमेरिकेतल्या जॅकपॉटचंही ऐकून ठेवा. कॅसिनोच्या बिंगो खोलीत फलकावर मोठी रक्कम लिहिलेली असते, आणि ती ठरावीक आकड्यांच्या आत कव्हरऑल केलं तरच मिळते. एका कार्डाने 50 आकड्यांत कव्हरऑल होण्याची शक्यता सुमारे दोन लाखांत एक आहे. त्या रकमेकडे बघून जास्तीची कार्डं विकत घेऊ नका.

हॉलमध्ये गेल्यावर

ओळखपत्र बरोबर ठेवा. ब्रिटनमध्ये वय 18 पूर्ण हवं, अमेरिकेत राज्याप्रमाणे 18 किंवा 21. तिकिटं खिडकीवर पुस्तकाच्या रूपात मिळतात. प्रत्येक डावाचं पान वेगळ्या रंगाचं असतं, त्यामुळे पुकारणारा रंग सांगेल त्याकडे कान द्या. पेनऐवजी शाईचा जाड ठसा उमटवणारा डॉबर मिळतो, तो तिथेच विकत मिळतो. आपण गच्चीवर चिंचोके नाहीतर शेंगदाणे ठेवतो. तिथे कोपर लागून ते सांडले तर डाव संपला म्हणून समजा, म्हणून डॉबरच बरा. काही ठिकाणी टॅबलेटसारखं यंत्र देतात, ते आकडे आपोआप खुणावतं. कान कमी असलेल्यांना त्याचा खरंच उपयोग होतो.

डाव सुरू झाला की हॉल शांत होतो. आपल्या हौजीतल्यासारखं ‘अगं, माझे दोनच राहिले’ असं शेजारणीला सांगायला गेलात तर लोक वळून बघतात. बोलायचं ते मध्यंतरात. ब्रिटनमध्ये आधी एका ओळीचं बक्षीस, मग दोन ओळींचं, मग फुल हाउस. आपल्यासारखे कोपरे आणि जलद पाच तिथे गृहीत धरू नका.

मध्यंतरात चहाच्या रांगेत उभं राहा किंवा बाहेर पाय मोकळे करा. बाजूलाच स्लॉट मशीन मांडलेली असतात आणि बिंगोसाठी आणलेले पैसे नेमके त्या वीस मिनिटांत जातात. मी घरून ठरवलेली रक्कम वेगळ्या पाकिटात नेते, कार्ड मुलीच्या घरी ठेवते. बिंगोत जमा झालेल्या पैशातला काही भाग हॉल ठेवून घेतो आणि उरलेल्यातून बक्षिसं देतो. म्हणून कमाईच्या आशेने जाऊ नये. नाटकाच्या तिकिटाचे पैसे जसे आपण गेले म्हणून धरतो तसेच हे धरावेत, आणि उसने घेऊन तर कधीच खेळू नये.

गोवा आणि आपली गच्ची

पणजीत मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटींवर 21 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. तिथली मुख्य टेबलं रुलेट, ब्लॅकजॅक, तीन पत्ती आणि अंदर-बाहर यांची. फक्त बिंगोसाठी जाणार असाल तर निघण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर पोहोचल्यावर भलतंच खेळून याल.

महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात सूट आहे ती निव्वळ कौशल्याच्या खेळाला, आणि हौजी तर सगळी नशिबाची. म्हणून आमच्याकडे तिकीट फुकट असतं. बक्षिसं कोजागरीच्या वर्गणीतून येतात: स्टीलचे डबे, गुळाची ढेप, कधी साडी. खेळाची गोडी तेवढीच राहते. मोबाइलवर पैसे लावून तांबोला (हौजीचंच दुसरं नाव) खेळायला कुणी बोलावलं तर नको म्हणा. 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने असल्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे.

ओरडायचं कसं

शेवटचा आकडा लागला की त्याच क्षणी, मोठ्याने. ‘हाउस’, ‘लाइन’ किंवा अमेरिकेत ‘बिंगो’, शब्द कोणताही असो, पुकारणाऱ्याच्या कानावर गेला पाहिजे. आपल्या बायका इथे कमी पडतात. हात वर करून हळू आवाजात ‘झालं वाटतं’ म्हणतात, तोवर पुढचा आकडा येतो आणि बऱ्याच ठिकाणी हक्क संपतो. आवाज फुटत नसेल तर शेजारणीला आधीच सांगून ठेवा, ती तुमच्यासाठी ओरडेल. पण खात्री नसताना ओरडू नका. आपल्याकडे चुकीच्या दाव्याला बोगी म्हणतात आणि ते तिकीट बाद होतं.

ओरडल्यावर जागेवरच बसा. हॉलचा माणूस तुमच्याकडे येतो आणि तिकिटाचा क्रमांक मोठ्याने वाचतो, मग पलीकडून ते तपासलं जातं. एकाच आकड्यावर दोघांचं झालं तर बक्षीस वाटून मिळतं. पुकारणाऱ्याने बक्षीस जाहीर करेपर्यंत तिकीट फाडू नका, चुरगाळू नका, आणि आनंदाच्या भरात त्यावर चहाचा कप तर मुळीच ठेवू नका.