शेंगा गळतायत, शेळ्या आवरा

नवतपा (मे-अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायच्या आत एवढं एकच ऐका: पिकलेल्या विलायती बाभळीखाली शेळ्या सोडू नका. ग्वाल्हेर-मुरैन्याकडे बिहडाच्या, म्हणजे चंबळच्या घळींच्या, कडेला ज्यांची शेतं आहेत, त्यांना दरवर्षी हेच सांगतो आणि दरवर्षी कळप शेंगांवरच दिसतात.

शेळी रान साफ करते हे खरं. बोरीच्या जाळ्या, सुबाभळीचे धुमारे यांचा ती फडशा पाडते. विलायती बाभळीचा पाला मात्र तिला नको असतो. गोड शेंग तेवढी वेचून खाते. टणक बी दातांतून निसटतं, पोटातून सुखरूप बाहेर पडतं आणि लेंडीच्या खतात रुजतं. पडीत कळप बसवला असेल तिथे आषाढात जाऊन बघा, लेंड्यांतूनच रोपं वर आलेली असतात. 1980च्या दशकात बिहडात या बाभळीचं बी विमानातून टाकलं होतं. आता ते काम आपण शेळ्यांकडून करून घेतोय!

शेंगा वेचा, कट्‌कन मोडेपर्यंत उन्हात वाळवा, बियांसकट दळा. भरडा खुराकाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. महिनोन्‌महिने नुसत्या शेंगांवर ठेवलेल्या जनावरांचे जबडे लुळे पडतात. शेंगा आधीच खाल्ल्या असतील तर निदान आठवडाभर शेळ्या गोठ्यात सुक्या चाऱ्यावर ठेवा. त्या आठवड्याच्या लेंड्या शेतात टाकू नका.

खोड जमिनीखाली वीतभर खणून तोडा. वरून छाटलंत तर दसपट फुटेल. पहिल्या पावसानंतर येणारे अगदी कोवळे कोंब जमुनापारी शेळ्या भुकेल्या पोटी सकाळी खुडतात, असा माझा अंदाज आहे. पुस्तकात शोधू नका. दुकानदार ‘मुळासकट जाळतं’ म्हणून तणनाशकाचा डबा गळ्यात मारेल. त्यावर बाभळीचं नाव छापलंय का, ते आधी वाचा. माझं विचाराल तर तो पैसा कुदळवाल्याला द्या.

बाकी कामं:
- पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) लस: 1 मिली कातडीखाली, 3 महिन्यांवरच्या करडांना, पावसाआधी
- जंतनाशक: अल्बेंडाझोल, वजनाच्या किलोमागे 10 मिग्रॅ, नुकत्या गाभण शेळीला नको
- चराई सकाळ-संध्याकाळ. दुपारी सावली, पाणी

घाणेरी आणि नाल्यातली बेशरम शेळ्यांकडून साफ करवायची नाही. घाणेरीनं यकृत जातं, उन्हात नाक-कान सोलवटतात. बेशरम मेंदूवर जाते, शेळी झोकांड्या खाते. चारा संपला की जूनमध्ये ती बेशरमही खाते, म्हणून नाल्याकडे नेऊच नका.

मोकळ्या झालेल्या जागी पहिल्या पावसाबरोबर अंजन, मारवेल गवताचं बी फेका. खैर, हिंगण लावा. रोपं पुरुषभर उंच होईपर्यंत तिथे शेळी नको, मागच्या पायांवर उभी राहून ती शेंडा खुडते. कुंपणाला पैसे नसतील तर तोडलेल्या बाभळीच्याच काटेरी फांद्या भोवती लावा, पण आधी त्यांच्या शेंगा झाडून घ्या.